वर्णनात्मक नोंद

एप्रिलचा दुसरा शनिवार. सकाळची शाळा सुटली,
पत्रे तापून वरती कडकडायला लागलेत
आणि मी सहावी ब च्या नोंदी भरत बसलेय.
बेचाळीस नावं. विषय इंग्रजी.
आकारिक, संकलित, श्रेणी,
आणि शेवटी एक लांबट रकाना
ज्यात मी दरवर्षी पहिल्या नावापुढे लिहिते
'सोपी वाक्ये वाचतो. उच्चारात सुधारणा आवश्यक.'
आणि त्याखाली दोन-दोन टिंबं,
पान संपेपर्यंत.

गड्डम नरसिंग. ब-२.
प्रत्येक शब्दाला मागून एक उ चिकटवतो,
बुक्कु, डेस्कु, बेंचु.
कागदावर इंग्रजी तृतीय भाषा.
नरसिंगची ती पाचवी आहे, मोजून :
घरात तेलुगू, घरमालकाशी कन्नड,
गल्लीत क्रिकेटपुरती हिंदी,
माझ्यासमोर मराठी.
त्याच्या उकाराचे मी अर्धा गुण कापलेत.
माझ्या सातारी कानाला कुणी किती कापले असते
कोण जाणे.

बिराजदार मल्लिनाथ. गैरहजर, गौडगावला जत्रा.

येमूल श्रीलता.
तोंडी परीक्षेला तिच्यापुढे तक्ता धरला :
ॲप्रन घातलेली आई, ओव्हन, केक.
व्हॉट इज द मदर डूइंग?
ती केककडे बघत राहिली.
मग मी तक्ता उलटा ठेवला.
बरं, युवर मदर? नाऊ?
तिनं खिडकीबाहेर पाहिलं,
जणू इथनं विडी घरकुल दिसतं.
'माय मदर इज...'
आणि हळूच,
'बाई, वळलालीला काय म्हणायचं?'

वळलाली नाही गं. वळते, म्हण.

'वळते म्हणजे रोजचं, बाई.
वळलाली म्हणजे आत्ता.
सूप मांडीवर हाय, पान कातरून झालंय,
बोटं चाललेली हायत.
तुम्ही फळ्यावर लिहिलावता की,
आयएनजी म्हणजे आत्ता चालू.'

सोळा वर्षं.
सोळा वर्षं मी इथल्या पोरांच्या वह्यांतल्या
करलाला, जेवलाली, खेळलालेत मधल्या
त्या 'लाल'वर लाल शाई ओढत आले,
आणि लगेच पाठ फिरवून फळ्यावर
चालू वर्तमानकाळ शिकवत आले
जो त्यांच्या तोंडात आधीच होता.

रोलिंग, मी म्हटलं. माय मदर इज रोलिंग.
'रोलिंग.' तिनं शब्द जिभेवर वळून पाहिला.
विडीला काय, ते तिनं विचारलं नाही,
विडीच म्हणाली.
मग, 'हजार झाल्याबिगर उठत नाही, ते कसं?'

ते आठवीला आहे, मी म्हणणार होते.
तेवढ्यात ती सरळ उभी राहिली,
हात मागे बांधले, प्रार्थनेला बांधतात तसे :
'मदर इज रोलिंग.
मदर इज रोलिंग.
मदर इज रोलिंग.
थाउजंड.
मदर इज गेटिंग अप.'

आता द्या गुण.
व्याकरण दोन, उच्चार एक,
आत्मविश्वास एक, आशय एक.
मी पेन टेकवलं, उचललं.
पाचातले किती, ते इथं सांगत नाही,
सोमवारी केंद्रप्रमुख विचारतीलच.

रकाना अजून मोकळा होता.
'सोपी वाक्ये' लिहून खोडलं.
ती वाक्यं सोपी नव्हती.
मग निळ्या शाईनं, नीट अक्षरात, लिहिलं :
विद्यार्थिनी शिकलाली.

केंद्रप्रमुख त्याला गोल करतील.
करू देत.
वीज गेलीय, पंखा थांबलाय,
घाम कोपरावरून वहीवर उतरतोय.
मी परत पान मागे उलटते, नरसिंगपाशी,
आणि त्या अर्ध्या गुणाकडे
बराच वेळ बघलाले.